शासन आपल्या दारी, किल्ली मेटाकडे

२०२५च्या फेब्रुवारीअखेर मुंबईत टेक वीक भरला होता. तिथे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले की 'आपले सरकार'च्या पाचशे सेवा व्हॉट्सॲपवर मिळणार आहेत आणि त्यासाठी राज्याने व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीशी हातमिळवणी केली आहे. आंध्र प्रदेशाने महिनाभर आधीच 'मन मित्र' या नावाने १६१ सेवांपासून हाच प्रयोग सुरू केला होता. घोषणेचे स्वागत झाले आणि त्यात नवल काहीच नाही. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात दोन खेपा घालायच्या, साइट बंद आहे हे ऐकून परत यायचे, शेवटी बाहेर बसलेल्या एजंटाच्या हातावर काहीतरी टेकवायचे, हे सगळे केलेल्या माणसाला फोनवर 'हाय' लिहून दाखला मागता येणार असेल तर तो हरकत कशाला घेईल?

माझी हरकत आहे, पण ती सोयीला नाही. सरकारने नागरिकाशी बोलण्याची जागा म्हणून एका कंपनीची बंदिस्त सेवा निवडली आणि हा निर्णय धोरणाचा आहे असे कुणाला वाटलेच नाही, याला आहे. या सेवेचे खाते कुणाला द्यायचे आणि कुणाचे बंद करायचे हे कंपनी ठरवते. नंबर चुकून बंद पडला तर दाद कंपनीकडेच मागायची. तहसीलदाराचा त्यात काही संबंध नाही. व्यावसायिक संदेशांचे दर कंपनी ठरवते. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास ठप्प झाले. त्या रात्री आपल्याकडे फक्त गप्पा आणि फॉरवर्ड थांबले. उद्या त्याच वाटेने दाखले, पावत्या आणि तक्रारी जाणार आहेत.

आपल्याकडे 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हटले की अजूनही जुने चित्र डोळ्यांपुढे येते: विंडोज विकत घ्यायचे की लिनक्स फुकट टाकायचे. अमेरिकी प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३मध्ये मुक्त कार्यप्रणालीचा ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा प्रश्न खरोखर तसाच होता. प्रोग्राम तुमच्या यंत्रावर चालत होता. तो वापरण्याचा, आतून तपासण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क तुम्हाला आहे की नाही, एवढाच वाद होता. केंद्र सरकारचे २०१५चे मुक्त स्रोत धोरणही याच चौकटीत लिहिले गेले (स्रोत म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता). ई-प्रशासनाच्या प्रकल्पाची निविदा काढताना मुक्त स्रोत पर्यायाला प्राधान्य द्यायचे आणि तो नाकारायचा असेल तर कारण द्यायचे, असे ते धोरण सांगते. चांगले धोरण आहे. पण ते खरेदीविषयी बोलते. सरकार एखाद्या कंपनीच्या सेवेवर जाऊन बसते तेव्हा ढोबळ अर्थाने ते सॉफ्टवेअर विकत घेतच नाही. म्हणजे ज्या वाटेने आज सर्वाधिक नागरिक सरकारपर्यंत पोहोचतील, त्या वाटेवर हे धोरण लागू होण्याची वेळच येत नाही.

सॉफ्टवेअर घरच्या यंत्रावरून दूरच्या सर्व्हरवर गेले, तेव्हा मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची पकड कशी सुटली, याचे सर्वात बोलके उदाहरण व्हॉट्सॲप हेच आहे. २००९ साली निघालेल्या या कंपनीने सर्व्हरसाठी फ्रीबीएसडी ही मुक्त कार्यप्रणाली घेतली, एर्लांग ही मुक्त भाषा घेतली आणि निरोपांची ने-आण करण्यासाठी ईजॅबरडी हे मुक्त सॉफ्टवेअर घेऊन ते आपल्या गरजेप्रमाणे बदलत नेले. ईजॅबरडीचा परवाना जीपीएल, म्हणजे ग्नू प्रकल्पातून निघालेला मुक्त परवाना. त्याची अट अशी की बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात तर त्याचा स्रोतही द्या. पण व्हॉट्सॲपने आपला सर्व्हर कुणाला दिलाच नाही, फक्त स्वतः चालवला. अट लागू झाली नाही. कायद्याने पाहिले तर यात काहीही गैर नाही आणि मी त्यांना चोर म्हणत नाही. पण ईजॅबरडी ज्या एक्सएमपीपी नावाच्या प्रोटोकॉलसाठी (यंत्रांनी आपसांत बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीसाठी) लिहिले गेले, त्याची सगळी रचनाच अशी होती की एका सर्व्हरवरच्या माणसाला दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता यावे, ईमेलमध्ये याहूवाला जीमेलवाल्याला लिहितो तसे. यंत्र घेतले गेले, ही रचना मात्र काढून टाकली गेली.

गूगलने तर ती आधी स्वीकारून मग सोडली. २००५मध्ये आलेले गूगल टॉक हे निरोप-ॲप एक्सएमपीपीवर होते. २००६पासून ते बाहेरच्या सर्व्हरांशीही बोलू लागले. २०१३मध्ये त्याच्या जागी हँगाउट्स आले आणि ती वाट बंद झाली. जगात कुठल्या नियामकाने तेव्हा हरकत घेतल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना ही फट दिसली नव्हती असे नाही. २००२मध्ये अफेरो जीपीएल आला आणि २००७मध्ये त्याची ग्नूच्या छत्राखालची आवृत्ती निघाली. या परवान्यात एक जास्तीची अट आहे: बदललेला प्रोग्राम तुम्ही नेटवर्कवरून लोकांना वापरायला देत असाल, तर वापरणाऱ्यांना त्याचा स्रोत मिळाला पाहिजे. अनेक छोट्या सर्व्हरांवर चालणारे ट्विटरसारखे मॅस्टोडॉन आणि फायली ठेवण्याचे नेक्स्टक्लाउड याच परवान्यावर आहेत. गूगलने आपल्या कंपनीत या परवान्याच्या सॉफ्टवेअरला मनाई केली आहे, यावरून अटीला दात आहेत एवढे कळते.

तरीही परवाना एका मर्यादेपर्यंतच पोहोचतो. स्रोत हाती आला म्हणून तुमचे मित्र, तुमचे निरोप, दहा वर्षांचे फोटो हाती येत नाहीत. ते सर्व्हरवाल्याकडेच राहतात. आरोग्य सेतूच्या वेळी आपण हे पाहिले. एप्रिल २०२०मध्ये ॲप आले, त्यावर खाजगीपणावरून ओरड झाली आणि २६ मे रोजी सरकारने अँड्रॉइड ॲपचा स्रोत खुला केला. पाऊल स्तुत्यच होते. पण लोकांचा प्रश्न फोनमधल्या ॲपपुरता नव्हता. माहिती सर्व्हरवर पोहोचल्यावर तिचे काय होते, कोण पाहते, कधी पुसली जाते, हे लोक विचारत होते, आणि सर्व्हरचा स्रोत त्या दिवशी खुला झाला नव्हता. तो झाला असता तरी सर्व्हरवर नेमका तोच चालतो आहे हे बाहेरून कसे तपासणार? परवाना इथे संपतो आणि धोरण सुरू होते.

म्हणून मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही प्रश्न थोडा सरकवायला हवा असे मला वाटते. स्रोत कुणाचा हा प्रश्न राहू द्या. पण नेटवर्कवरच्या सेवेला त्याआधी विचारायचा प्रश्न असा आहे: मी इथून उठून दुसरीकडे गेलो, तर इथल्या माणसांशी माझे बोलणे चालू राहते का?

हा प्रश्न भारतीय राज्ययंत्रणेला कळत नाही असे कुणी म्हणू नये. तो तिला फार चांगला कळतो. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाले आणि पहिल्या काही आठवड्यांत जिओवरून एअरटेल, व्होडाफोन, आयडियाला लावलेले फोन लागेनासे झाले. कारण जुन्या कंपन्यांनी दोन जाळी जोडणारे दुवे पुरेसे दिले नव्हते. जिओची बाजू घेण्याचे मला काही कारण नाही. फुकट कॉल वाटून वाहतूक त्यांनीच फुगवली, हा जुन्या कंपन्यांचा युक्तिवाद अगदी पोकळ नव्हता. पण ट्राय या दूरसंचार नियामकाने तत्त्व सोडले नाही. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लावू शकलाच पाहिजे, असे म्हणून त्या ऑक्टोबरमध्ये तीन कंपन्यांना मिळून ३,०५० कोटींचा दंड करण्याची शिफारस झाली. (दंडाचे पुढे काय झाले ही आपल्याकडच्या सगळ्या दंडांसारखीच लांबलेली कथा आहे.) त्याच्याही आधी, जानेवारी २०११पासून, नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली होती. कंपन्यांनी ती आपणहून दिली नव्हती, नियमाने द्यावी लागली.

आणि मग यूपीआय. २०१६मध्ये राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ते आणले तेव्हा पहिल्याच दिवशी ठरले होते की पैसे देणाऱ्याचे ॲप आणि घेणाऱ्याचे ॲप एकच असण्याची गरज नाही. वडापावच्या गाडीवरचा कोड फोनपेचा असो की पेटीएमचा, तुम्ही भीमने पैसे देता आणि ते पोहोचतात. समजा, फोनपेवाल्याने फक्त फोनपेवाल्यालाच पैसे द्यावेत असा नियम असता, तर आपण त्याला हसलो असतो. निरोपांच्या बाबतीत नेमका हाच नियम आपण निमूट पाळतो. सोसायटीचा पाणीपुरवठा, शाळेचा अभ्यास, ग्रामपंचायतीची सूचना, पीकविम्याची मुदत, सगळे एका ॲपच्या ग्रुपवर येते. त्या ॲपवर नसलेला माणूस गावात असून नसल्यासारखा.

यूपीआय मुक्त सॉफ्टवेअर नाही हे इथेच सांगून टाकतो, नाहीतर जाणकार वाचक सांगतील. त्याचा गाभा बंद आहे आणि महामंडळाला माहिती अधिकाराच्या कक्षेत आणा ही मागणी रास्त आहे. शिवाय जोडणी खुली असली म्हणून सत्ता आपोआप वाटली जाते असेही नाही: फोनपे आणि गूगल पे मिळून यूपीआयचे ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार करतात, आणि एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नको हा २०२०चा नियम पुढे ढकलत ढकलत २०२६च्या अखेरीपर्यंत आला आहे. तरी फरक आहेच. फोनपे आवडेनासे झाले तर आज संध्याकाळी ते काढून टाकता येते आणि उद्या सकाळी दूधवाल्याला पैसे देताना काही अडत नाही. व्हॉट्सॲप काढून बघा.

मग पैशांत जे राज्ययंत्रणेने पहिल्या दिवसापासून बंधनकारक केले ते निरोपांत का नाही? एक कारण मला असे दिसते की आपल्या इंटरनेट धोरणाला सेवा म्हणजे कंपनी एवढेच दिसते. फेब्रुवारी २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना मुख्य अनुपालन अधिकारी, पोलिसांशी संपर्कासाठी चोवीस तास उपलब्ध असणारा माणूस, असे सगळे भारतात नेमावे लागते. मोठ्या कंपनीसाठी हे ठीक आहे. पण त्या आकड्याखालच्यांनाही तक्रार अधिकारी नेमून, चोवीस तासांत पोच देऊन ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढणे आलेच. पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयातल्या चार मुलांनी दोनशे लोकांसाठी मॅस्टोडॉनचा सर्व्हर चालवला तर कायद्याच्या नजरेत तेही 'मध्यस्थ', म्हणजे इतरांचा मजकूर पोहोचवणारी सेवा, आहेत.

मे २०२३मध्ये या नजरेचा कडेलोट झाला. जम्मू-काश्मीरमधले दहशतवादी वापरतात म्हणून केंद्राने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली १४ निरोप-ॲप बंद केली. त्यांचे भारतात कुणी प्रतिनिधी नाहीत असेही तेव्हाच्या बातम्यांतून सांगितले गेले. या यादीत एलिमेंट आणि ब्रायर ही मुक्त सॉफ्टवेअरची ॲपही होती. ब्रायरला मध्यवर्ती सर्व्हरच नाही. ते दोन फोनांमध्ये ब्लूटूथ, वायफाय किंवा टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यावरून थेट बोलते, म्हणून पुरात किंवा भूकंपात टॉवर पडले तरी जवळजवळच्या फोनांवर चालू राहते. अशा गोष्टीचा प्रतिनिधी कोण असणार आणि तो कुठली नोंद काढून देणार? एलिमेंट तर मॅट्रिक्स नावाच्या खुल्या प्रोटोकॉलवर चालणारे अनेकांपैकी एक ॲप. एलिमेंट बंद केले म्हणून मॅट्रिक्स बंद होत नाही. दुसरे ॲप घ्यायचे आणि त्याच खात्यात शिरायचे. दहशतवादी तेवढे शोधून काढतो, अडकतो तो साधा वापरणारा. याच मॅट्रिक्सवर फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'चॅप' उभे केले आहे आणि जर्मन लष्कराचा निरोप्या याच पायावर आहे. त्यांनी जे स्वतःच्या सर्व्हरवर बसवून घेतले ते आपण प्रतिनिधी सापडत नाही म्हणून बंदीच्या यादीत घातले.

राष्ट्रीय सुरक्षेची चिंता खोटी नाही; काश्मीरमध्ये ती रोजची आहे. पण त्याच वर्षांत सरकार व्हॉट्सॲपशीही न्यायालयात झगडत होते, मूळ निरोप कुणी पाठवला ते सांगा म्हणून. दोन्हीकडे अपेक्षा एकच: एक मालक असावा, त्याला फोन करता यावा. अशा अपेक्षेवर उभे राहिलेले धोरण मोठ्या मालकांनाच जगू देते, कारण वकिलांची फौज त्यांनाच परवडते. मग तेच सरकार मक्तेदारीबद्दल चिंता व्यक्त करते. २०२४च्या नोव्हेंबरात स्पर्धा आयोगाने व्हॉट्सॲपच्या २०२१च्या खाजगीपणा धोरणावरून मेटाला २१३ कोटींचा दंड केला, आणि तीन महिन्यांनी मुंबईत मेटाबरोबर भागीदारीची घोषणा झाली. आयोग केंद्राचा, घोषणा राज्याची, हे मान्य. नागरिक मात्र एकच आहे.

देशी ॲप हा यावरचा तोडगा म्हणून दर काही वर्षांनी पुढे येतो. २०२१मध्ये ट्विटरशी बिनसले तेव्हा मंत्री आणि सरकारी खाती 'कू'वर गेली; जुलै २०२४मध्ये कू बंद झाले. २०२५च्या सप्टेंबरात झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीचे 'अरट्टाई' हे निरोप-ॲप एकाएकी सगळ्यांच्या तोंडी आले. झोहोबद्दल मला आदर आहे. तमिळनाडूतल्या तेनकाशीसारख्या ठिकाणी बसून जगाला विकता येते हे त्यांनी दाखवले. पण एका बंद सेवेतून दुसऱ्या बंद सेवेत करोडो लोक हलवायचे आणि मालकाचा पत्ता भारतातला आहे म्हणून निश्चिंत व्हायचे, हे मला पटत नाही. अरट्टाईवरून व्हॉट्सॲपवरच्या आत्याला निरोप जाणार असेल तर अरट्टाईला खरी संधी आहे. तो जात नाही, म्हणून आत्या हलत नाही, आणि आत्या हलत नाही म्हणून कुणीच हलत नाही.

खुल्या जोडणीविरुद्धचा सर्वात तगडा युक्तिवाद मक्तेदारांकडून आलेला नाही, तो सिग्नल या निरोप-ॲपच्या बाजूने आला आहे. सिग्नलच्या सर्व्हरचा स्रोत अफेरो परवान्यावर खुला आहे, तरी तो दुसऱ्या सर्व्हरांशी जोडला जात नाही. त्याचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६मध्येच मांडले होते की हजार सर्व्हरांत विखुरलेली गोष्ट पुढे सरकत नाही. ईमेल बघा, इतक्या वर्षांत त्यात पूर्ण कूटबद्धता (मधल्या कुणालाही निरोप वाचता येऊ नये अशी सोय) सर्वसाधारण झाली नाही. मुद्दा खरा आहे. युरोपीय महासंघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने मार्च २०२४पासून व्हॉट्सॲपला इतरांसाठी दार उघडायला भाग पाडले, तेव्हा सिग्नल आणि थ्रीमा या निरोप-ॲपांनी आमची सुरक्षितता सैल होईल म्हणून त्या दाराने जायला नकार दिला. स्पॅम वाढेल, घाण निरोपांना आवर कोण घालणार, हे प्रश्नही उरतात. मॅस्टोडॉनचा आपला अनुभवही फार उत्साहाचा नाही. नोव्हेंबर २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाल्यावर बरेच भारतीय तिकडे गेले आणि बरेचसे परतही आले.

यावर माझे म्हणणे असे की सिग्नलला जोडायची सक्ती नको. सक्ती आकारावर बसते. ज्याच्याशिवाय गावाचा व्यवहार चालत नाही इतका जो मोठा झाला, त्याने जोडणी द्यावी. लहानाला ती घ्यायची की नाही हे लहानाने ठरवावे. आणि छोटे सर्व्हर चालवणार कोण, हा प्रश्न निदान महाराष्ट्राने तरी विचारू नये. साखर कारखाने, दूध संघ, पतपेढ्या ज्यांनी उभ्या केल्या त्या राज्याला सभासदांच्या पैशांवर चालणारा सर्व्हर अनोळखी का वाटावा? (सहकाराचे पुढे काय झाले हे ठाऊक असूनच म्हणतो आहे. निवडणुकीत पडणारा अध्यक्ष तरी त्यात होता. मार्क झुकरबर्ग निवडणुकीत पडत नाही.) भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी 'प्राव' नावाची एक्सएमपीपीवरची निरोप सेवा सहकारी तत्त्वावर उभी करण्याचा प्रयत्न चालवलाच आहे. तो लहान आहे. तो तगेल की नाही हे त्यांच्या मेहनतीइतकेच नियम त्यांच्याशी कसे वागतात यावरही आहे.

मराठी माणसाला बंद सेवेची किंमत एकदा चांगली कळली होती. गूगलच्या ऑर्कुट या समाजमाध्यमावर मराठी कवितांचे, किल्ल्यांचे, पाककृतींचे केवढाले समूह होते. ३० सप्टेंबर २०१४ला गूगलने ते बंद केले. १९९६पासून चाललेली 'मायबोली' ही वेबसाइट मात्र, जिच्या मागे आज ड्रुपल हे मुक्त सॉफ्टवेअर आहे, अजून उभी आहे. मराठी विकिपीडियाची तर संपूर्ण प्रत कुणीही उतरवून घेऊ शकतो आणि उद्या दुसऱ्या सर्व्हरवर चालवू शकतो. तशी कायदेशीर मुभा आहे आणि तसे सॉफ्टवेअरही. आपली माहिती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क सगळ्यांना कायद्याने मिळणार होता. मुंबई उच्च न्यायालयात दीर्घकाळ न्यायदान केलेले न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या समितीच्या माहिती संरक्षण कायद्याच्या २०१८च्या मसुद्यात तो होता, २०१९च्या विधेयकातही होता. ऑगस्ट २०२३मध्ये प्रत्यक्ष झालेल्या कायद्यात तो नाही. एवढा हक्क गळाला आणि त्यावर मराठी वर्तमानपत्रांत कुठे रण पेटल्याचे मला आठवत नाही.

तो हक्क परत आणणे दिल्लीच्या हातात आहे आणि त्याला वेळ लागेल. 'आपले सरकार'चे तसे नाही. व्हॉट्सॲपवर सेवा जरूर द्या, पण ज्या दुव्यातून व्हॉट्सॲपचा बॉट (आपोआप उत्तरे देणारा प्रोग्राम) सरकारी माहितीपर्यंत पोहोचतो तो दुवा आणि त्याचे दस्तऐवज इतर सगळ्यांना त्याच अटींवर खुले ठेवा, म्हणजे मॅट्रिक्सवाला, प्राववाला, एसएमएसवाला किंवा एखाद्या गावचा हौशी प्रोग्रामरही त्यावर आपली खिडकी बांधू शकेल. मधल्या यंत्रणेचा स्रोत अफेरो परवान्यावर प्रसिद्ध करा. तो जनतेच्या पैशातून लिहिला आहे. अर्जाची नोंद आणि तिची पोच राज्याच्या सर्व्हरवर ठेवा आणि अर्जदाराला ती उतरवून घेता येऊ द्या. कुठल्याही सेवेसाठी व्हॉट्सॲप खाते सक्तीचे असणार नाही, हे शासन निर्णयात लिहा. मेटाशी झालेला करार संकेतस्थळावर टाका. यातल्या एकाही गोष्टीसाठी राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाला केंद्राकडे जावे लागत नाही, आणि पाचशेतल्या पहिल्या दहा सेवांपासून सुरुवात केली तरी चालेल.